सर्व्हरकाकांनी मानपत्र परत केलं

ऑफिसात त्यांना सगळे सर्व्हरकाका म्हणत. पार्सलं पोचवणारी मोठी कंपनी, तीनशे माणसं, आणि त्या सगळ्यांची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळणारा माणूस एकच. कुणी पासवर्ड विसरला, काकांना फोन. प्रिंटर रुसला, काकांना फोन. सगळं सुरळीत चाललेलं असलं की मात्र काका आहेत हे कुणाच्या गावीही नसे. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेली. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथला एसी कधी बंद होत नसे आणि काका बाराही महिने स्वेटर घालून बसत.

"जोडीला एक माणूस द्या," असा लेखी अर्ज त्यांनी सहा वर्षांत अकरा वेळा केला. दर वेळी मोठे साहेब म्हणत, "बघू. तुम्ही आहात ना!" सुरुवातीला हे ऐकून काका सुखावत. पुढे पुढे ते वाक्य पुरं व्हायच्या आतच ते दाराकडे वळू लागले.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. जेवताना फोन वाजला की म्हणायची, "जा, तुमची सवत बोलावतेय." काका हसत हसत हात धुवायला उठायचे. मग तिच्या फुफ्फुसात गाठ निघाली आणि घरातलं हसणंच आटलं. शेवटी शेवटी काकांनी रजा टाकली. शाळेतल्या मुलांनी परीक्षेत लिहिलेली अचाट उत्तरं तिनं एका वहीत उतरवून ठेवली होती. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून काका ती वही वाचून दाखवत. 'वाळवंटात उंटांना त्रास नको म्हणून पाऊस पडत नाही' या उत्तराला ती धाप लागेपर्यंत हसली होती.

रजेच्या नवव्या दिवशी, सकाळी अकराला, साहेबांचा फोन आला. सर्व्हरच्या दोन डिस्क एकदम गेल्या होत्या. पार्सलांवरची लेबलं छापली जाईनात, माल तुंबला होता.

"अर्ध्या तासाचं काम आहे हो. तुमच्याशिवाय इथं कुणाला ओ की ठो कळत नाही."

बायकोनं हातानंच 'जा' अशी खूण केली. शेजारी उभी असलेली लेक मात्र म्हणाली, "बाबा, आज नको."

"आलोच गं. अर्धा तास."

डिस्क बदलून, बॅकअप उतरवून यंत्रणा उभी राहायला चार तास लागले. साहेब दर दहा मिनिटांनी दारात येऊन "झालं का?" विचारत. त्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. काका बाहेर आले तेव्हा लेकीचे सात फोन येऊन गेले होते.

ते हॉस्पिटलात पोचले तेव्हा लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. "आई विचारत होती, बाबा कुठे गेले," ती म्हणाली. "दोनदा विचारलं तिनं." मग ती उठली आणि देह ताब्यात घेण्याच्या कागदांवर सह्या करायला गेली. त्यानंतर घरात ती बापाशी कामापुरतंच बोलू लागली.

दोन महिन्यांनी कंपनीची वार्षिक सभा भरली. साहेबांनी माइक हातात घेतला. "पत्नी मृत्युशय्येवर असताना हा माणूस कामावर धावून आला! याला म्हणतात निष्ठा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी काचेच्या चौकटीतलं मानपत्र पुढे केलं. काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिचं मरण यांना भाषणात सजवायला हवं होतं!

त्यांनी माइक मागून घेतला. "मी धावून आलो नाही, साहेब. तुम्ही बोलावलंत. दुसरा माणूस नव्हता म्हणून बोलावलंत. आणि तो का नव्हता?"

"काका, ही जागा नव्हे."

"मग कुठली? अकरा वेळा तुमच्या टेबलाशी उभा राहिलो, तीही जागा नव्हती. माझी बायको मी कुठे आहे विचारत गेली. तुम्ही त्याला निष्ठा म्हणता? हा तुमचा हलगर्जीपणा आहे आणि माझा भित्रेपणा. मला 'नाही' म्हणता आलं नाही."

मानपत्र त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं आणि ते सभागृहातून निघून गेले.

आठ दिवसांत कंपनीनं दोन माणसं घेतली. आठ दिवसांत! ते कळलं तेव्हा काका जिन्यातच पायरीवर बसले. इतकं सोपं होतं तर सहा वर्षं कशात गेली? त्यांनी त्या दोघांना सगळं नीट शिकवलं, कारण त्यांचा काही दोष नव्हता, आणि मग राजीनामा दिला.

संध्याकाळी त्यांनी लेकीला ते सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"त्या दिवशी साहेबांना 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"चुकलं माझं."

तिनं चिरलेल्या फोडी बाजूला सारल्या. मग ती म्हणाली, "माझा राग गेलेला नाही, बाबा."

"नको जाऊ देऊस," काका म्हणाले. "माझा तरी कुठे गेलाय."

तिनं निम्मी भाजी आणि दुसरी सुरी त्यांच्यापुढे सरकवली.