तेवीस दिवसांची रजा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा हा एवढा विषय वगळून बाकीचं सगळं बोलते — त्याला म्हणे सगळं ठाऊकच असतं, मग मी कशाला उगाच आठवण करून देऊ? तर आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखत असतात तर म्हणाला असतात, "छे, काकू असं करणार नाहीत." इथे परदेशात, आमच्या कॅरी गावात, सगळे तेच म्हणतात. माझ्या चकल्यांवर आणि माझ्या खरेपणावर इथल्या मराठी मंडळींचा फार विश्वास. चकल्यांचं ठीक आहे.

गोष्ट त्या साथीच्या वर्षातली. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच अजाण. आज त्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिचा कान धरून हिला कोपऱ्यात उभी करावी. केस काळे केलेले, गळ्यात ऑफिसचा बिल्ला, आणि चेहऱ्यावर असा भाव, की अख्खी कंपनी हिच्याच खांद्यावर उभी आहे.

काम काय होतं? औषधं बनवणाऱ्या कंपनीत कागद तपासायचं. यंत्रावरच्या माणसाने किती वाजता काय केलं, सही केली का, तारीख बरोबर आहे का, हे बघायचं. तिथे एक नियम होता, मी नव्या लोकांना तो पहिल्याच दिवशी शिकवायचे: चूक झाली तर खोडायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं. वीस वर्षं मी लोकांच्या खोट्या तारखा पकडल्या. वास यायचा मला खोट्याचा. तुम्ही हसाल — हसा, मीही हसते. पुढचं ऐकलंत की थांबाल.

त्या एप्रिलमध्ये आम्हाला फर्लोवर पाठवलं. म्हणजे नोकरी तुमचीच, पण घरी बसा. पगार नाही, बोलावलं की या. सगळे रडकुंडीला आलेले, आणि मी? मला आनंद. का, तर फर्लोचे दिवस माझ्या रजेतून जात नव्हते! ही आमच्या लोकांची खोड तुम्हाला माहीत असेल. इथला गोरा माणूस शुक्रवारी रजा टाकून मासे पकडायला जातो. आपण ताप अंगावर काढू, दाढ दुखली तर गाल धरून ऑफिसात बसू, पण रजा मोडणार नाही. रजा इंडियासाठी. माझे तेवीस दिवस साठले होते. डिसेंबरात धाकट्या भावाची साठी होती मिरजेला. जाऊन चांगलं महिनाभर राहायचं ठरवलं होतं. मी त्या दिवसांकडे लोणच्याच्या बरणीसारखी बघायचे. झाकण लावलेलं आहे ना? आहे.

आणि तेवढ्यात पार दुसऱ्या टोकाच्या राज्यात, फ्रीमाँटला, लेकीला मुलगी झाली. पहिली नात! तुम्ही गेला नसतात? मी गेले. मास्कवर मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, हातात रबरी मोजे, अशी सजून विमानात बसले. नातीला पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा तिला बिचारीला वाटलं असेल, आजी नावाचा प्राणी हा असा असतो. दोन आठवडे राहिले. बाळंतिणीला डिंकाचे लाडू खाऊ घातले, बारसं केलं, परत आले. त्यात काही चूक नव्हती. जायला बंदी नव्हती. हे एवढ्यासाठी सांगते, की चूक कुठून सुरू झाली ते नीट कळावं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ईमेल आली: येत्या सोमवारपासून कामावर या. खाली एक फॉर्म होता. गेल्या चौदा दिवसांत राज्याबाहेर प्रवास केला असेल, तर चौदा दिवस घरी थांबा. आमचं काम घरून होणारं नव्हतं, कागद इमारतीबाहेर न्यायची परवानगीच नव्हती. म्हणजे ते घरी थांबणं तुमच्या वार्षिक रजेतून. शनिवार-रविवार सोडून दहा दिवस.

दहा! तेवीसातून दहा!

दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी तो फॉर्म भरला. 'प्रवास केला का?' दोन चौकोन. मी फार विचार केला असं सांगायला आवडलं असतं. नाही केला. 'नाही'वर खूण केली, सही केली, तारीख घातली — तारीख मात्र अगदी बरोबर — आणि उठून आमटीला फोडणी दिली.

सोमवारी कामावर गेले. घशात खवखव झाली की अंगाला काटा यायचा. पर्समध्ये लवंगांची डबी ठेवली होती; खोकला येईलसं वाटलं की लवंग दाढेखाली. कुणाला काही झालं नाही. त्यात माझं कर्तृत्व शून्य. झालं असतं तर मी काय केलं असतं? उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच तो प्रश्न मी पुढे सरकवत नाही.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे नुसतं अंगण आहे, घर पुढे आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर प्रज्ञा बसायची. नागपूरची, चाळिशीची, जानेवारीतच कामाला लागलेली. मीच तिला ती एका रेघेची शिस्त शिकवली होती. पहिल्या दिवसापासून मला मावशी म्हणायची. "काय करून राहिल्या मावशी?" असं विचारत डबा घेऊन माझ्याकडे यायची. फर्लोच्या काळात तीही बाहेर गेली होती. तिची धाकटी बहीण ओहायोत शिकत होती, हॉस्टेल बंद झालं, तर ही गाडी काढून तिला घेऊन आली. आणि तिने त्या फॉर्मवर 'हो' लिहिलं. नवं माणूस, रजा मुळात चौदा दिवसांची, त्यातले दहा घरात बसून घालवले. मी कामावर परतले तेव्हा तिची खुर्ची दोन आठवडे रिकामी होती. मी त्या खुर्चीकडे बघून मनात काय म्हटलं, सांगू? 'वेडी गं वेडी. कोण बघायला येतंय?'

ऑक्टोबरात तिच्या आईचं दुखणं निघालं. किडन्या. डॉक्टरांनी लेकींना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. आता जायचं म्हणजे तिकडे उतरल्यावर काही दिवस वेगळं राहायचं, आईजवळ थोडं थांबायचं, परत आल्यावर पुन्हा चौदा दिवस. पाच आठवडे हवेत. हिच्याकडे चार दिवस. नोकरीला वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे लांबच्या बिनपगारी रजेचा कायदाही लागू होत नव्हता. बहीण विद्यार्थी, व्हिसाच्या भानगडीत अडकलेली, ती जाऊच शकत नव्हती.

आमच्या कंपनीत एक चांगली रीत होती: आपली रजा दुसऱ्याला देता यायची. साहेबाने सगळ्यांना ईमेल पाठवली, की ज्याला जमेल त्याने द्या, वीस-बावीस दिवस जमले तर उरलेलं मी सांभाळून घेतो. रिसेप्शनवरच्या डॉनाने तीन दिले. तिला स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं. कुणी एक दिला, कुणी दोन. नऊ जमले. हिचे चार धरून तेरा.

प्रज्ञा दुपारी डबा घेऊन माझ्याजवळ आली. डबा उघडला नाही. म्हणाली, "मावशी, तुम्हाला विचारायचं जिवावर येऊन राहिलं, पण —"

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. आधीच तयार होतं माझं. "अगं, काय सांगू तुला! माझे सगळे दिवस त्या क्वारंटाइनमध्येच गेले. फ्रीमाँटहून आले ना मी तेव्हा."

बघितलंत? ऑफिसला सांगितलं, गेलेच नव्हते. तिला सांगितलं, गेले होते आणि त्यापायी रजा गेली. एकाच प्रवासाची दोन खोटी, दोन्हीकडून फायदा. आणि तिला संशय यायचं कारणच नव्हतं. माझ्याकडे मुळात किती दिवस साठले होते, ते तिला ठाऊक नव्हतं. मी कामावर होते ते दोन आठवडे ती खरं बोलल्यामुळे घरी बसलेली होती. तिने मला पाहिलंच नव्हतं.

आणि ती काय म्हणाली? "बाप्पा, तुमचंही तेच झालं का? जाऊ द्या मावशी, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." माझ्या हातावर हात ठेवला. मीच जिला नाही म्हटलं, तिने माझी समजूत काढली. आणि मी ती काढून घेतली. मान हलवली. डोळ्यांत थोडं पाणीही आणलं असेन. त्या बासष्टच्या बाईचा काही भरवसा नाही.

प्रज्ञाने मग जानेवारीची वाट बघायचं ठरवलं. नव्या वर्षाची रजा मिळेल, नोकरीला वर्षही पूर्ण होईल. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आईला व्हिडिओ कॉल करायची, शेजारच्याच टेबलावर. म्हातारी मलाही ओळखायला लागली होती. "मावशीला दाखव," म्हणायची. मग मी हात हलवायचे.

वर्ष संपायला नऊ दिवस असताना म्हातारी गेली. बुद्धवंदना, पंचशील, सगळं दोघी बहिणींनी फोनच्या पडद्यावर पाहिलं. मी वरण-भात करून त्यांच्या दाराशी ठेवून आले. संध्याकाळी मेसेज आला: 'मावशी, वरण आईच्या हातचं वाटलं.' माझं वरण पाणचट असतं, हे माझा नवरा चाळीस वर्षं सांगतोय.

आणि तेवीस दिवस? भावाची साठी फोनवरच झाली. ते दिवस मी कुठेच वापरले नाहीत. कंपनीचा नियम होता, पाचच दिवस पुढच्या वर्षात नेता येतात. एकतीस डिसेंबरला अठरा दिवस गेले. कुणी घेतले नाहीत, नुसते संपले. जानेवारीत स्क्रीनवर पाहिलं, मागची शिल्लक म्हणून तिथे पाच लिहिलेलं होतं. इतकी जपलेली बरणी, आणि तळाशी उरले पाच. निदान मिरजेला जाऊन पुरणपोळी खाऊन आले असते, तर म्हणता आलं असतं की स्वार्थी होते. मला तेही धड जमलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या नवऱ्याचं खुब्याचं ऑपरेशन झालं. लेक लांब, मला हायवेवर गाडी चालवायची आता भीती वाटते. प्रज्ञा आली, तीन दिवस आली, नेलं-आणलं, औषधं आणली. मी म्हटलं, "अगं, तुझं ऑफिस?" ती म्हणाली, "रजा टाकली ना. रजा काय मावशी, असतेच."

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत दोघीच होतो. सांगून तिला दुखवायचं कशाला, असं मी मनाशी म्हटलं. त्या बासष्टच्या बाईची ही वाक्यं मला आता ओळखू येतात. ती अजून माझ्यातच राहते. बघा ना, इतका वेळ तिला नावं ठेवतेय, जशी काही ती दुसरी कुणी होती.

या शनिवारी प्रज्ञा जेवायला येणार आहे. वरण करा म्हणाली.

तर ही माझी एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला खरं लिहिते. ऑक्टोबरात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, तिने विचारलं तेव्हा माझ्याकडे तेवीस दिवस होते.