दोघांच्या मधल्या काकी

आमच्या काकी जेवणाची दोन ताटं दोन हातांत धरून एकदम खाली ठेवायच्या. एक टेकलं आणि दुसरं अधांतरी, असं कधी झालं नाही. माझ्याकडून एका नवऱ्याला वाढताना आमटी ताटाबाहेर सांडायची. त्यांना दोन होते.

काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. देवळाली प्रवराजवळ उसाच्या मळ्यात त्यांची वस्ती. त्यांचे लग्नाचे नवरे, नाना, घरात भांडून गेले ते वर्षानुवर्षं बेपत्ता. मेले असतील, असं धरून वडीलधाऱ्यांनी धाकट्या दिराशी, बापूंशी, त्यांचा पाट लावला. आणि एका सकाळी नाना दारात उभे! भाऊ वेगळे झाले तर मळा तुटणार. काकींच्या सासूनं निकाल दिला, "घरातलं हाय, घरातच ऱ्हाऊ द्या." काकींना कुणी विचारलं नाही.

मी नव्वद सालानंतर लग्न होऊन आले, तोवर हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी लांबलचक उखाणा घेऊन मिरवले. मग शेजारच्या सखूबाईनं काकींना डिवचलं, "तू बी घे की नाव! का एकाचं घेतलं तर दुसरा उपाशी झोपंल?" बायका खिदळल्या. काकी म्हणाल्या, "माझं नाव काय, ते सांग आदी. मग घेते." कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

खरं अडायचं ते माहेरी जाताना. नानांबरोबर गेल्या तर बापू रुसायचे, बापूंबरोबर गेल्या तर नाना जेवायचे नाहीत, आणि दोघांना नेलं असतं तर माहेरचं सगळं पारनेर बघायला लोटलं असतं. म्हणून त्या जातच नसत. आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मला म्हणाल्या, "तू चल माझ्यासंगं. कुनाला सांगू नको." मी फक्त माझ्या नवऱ्याला सांगितलं, म्हणजे गावालाच सांगितलं.

पारनेरला आईनं त्यांचा हात चाचपला. "पोरी, कुनासंगं आलीस?"

"माझी मीच आले."

मी शेजारी चांगली धडधाकट बसले होते.

संध्याकाळी परत येऊन एसटीतून उतरलो, तर स्टँडच्या एका बाजूला नाना बैलगाडी घेऊन, दुसऱ्या बाजूला बापू फटफटी घेऊन. "बस," दोघंही म्हणाले. काकींनी दोघांकडे पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध चालायला लागल्या. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून मी मुकाट बैलगाडीत चढले. पुढे काकी, मागे घुंगरं वाजवत बैल, त्यांच्या बाजूनं गुरगुरणारी फटफटी. काकींनी एकदाही मागे पाहिलं नाही. क्षणभर वाटलं, या आता अशाच चालत राहतील.

पण तो रस्ता वस्तीपाशीच संपत होता. काकींनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या अंगणात शिरल्या.