जावईबापू, असं झालं तं?

माझ्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि शेजारच्या अकोल्यात असलाच तर तो त्यांच्याच नात्यातला निघेल. कामरगावच्या शिवेवर त्यांचा भाजीचा मळा आहे, आणि मळ्यातल्या मिरचीपासून आभाळातल्या ढगापर्यंत प्रत्येक गोष्ट आपल्यावर टपून बसलेली आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे. एसटीत ते चाकावरच्या सीटवर बसत नाहीत, कारण टायर फुटलं तं? दाराजवळ बसत नाहीत, कारण दार उघडलं तं? ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, तर त्याला डुलकी लागू नये म्हणून कारंजा येईपर्यंत खोकत राहतात. पण त्यांची सगळ्यात जुनी भीती छताच्या पंख्याची. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना त्यांनी वर पाहिलं, भटजींचा हात धरला आणि पाट, अंतरपाट, नवरानवरी असं सगळं लग्न चार हात पलीकडे सरकवलं. "पोरगी एकच हाये मले," एवढंच ते म्हणाले. जावयाबद्दल काही बोलले नाहीत.

असा माणूस बुद्धिबळ खेळतो आणि त्यात हरत नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. ते हा खेळ तरुणपणी राखणीला शिकले. रोही आणि रानडुकरं मळ्यात शिरू नयेत म्हणून शेजारच्या शेतकऱ्याबरोबर मचाणावर बसायचं आणि जागं राहण्यासाठी डाव मांडायचा. त्यामुळे त्यांचा खेळही राखणदाराचाच राहिला. आपण काय करायचं याचा विचार ते करतच नाहीत. समोरचा आपलं काय काय वाटोळं करू शकतो, याचाच करतात. आणि या विषयात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांच्या पटावर प्रत्येक मोहऱ्याच्या मागे दुसरं मोहरं उभं असतं. "उघड्यावर काही ठेवाचं नसते जावईबापू," ते मला समजावतात. "मंग ते वांगं असो का वजीर." जिल्ह्याच्या स्पर्धेत कॉलेजातली पोरं त्यांच्या समोर उड्या मारत यायची आणि दुपारपर्यंत जांभया देऊ लागायची. मग बरोबरी मान्य करून पळायची. एक पोरगा जाता जाता म्हणाला, "आजोबा, तुमच्यासंग खेळनं म्हंजे काट्याच्या कुपाशी भांडन करनं हाये." सासऱ्यांनी ते प्रशस्तिपत्रक समजून गावभर सांगितलं.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. नागपूरला नेऊन हृदयाच्या नळीत दोन स्प्रिंगा टाकल्या. जन्मभर ज्याला हजार गोष्टींची भीती वाटली, त्याच्या अंगावर शेवटी हे एकच आलं, आणि गंमत म्हणजे तेवढ्याला मात्र ते घाबरेनात. आम्हीच घाबरू लागलो. मुलांनी हातातलं फावडं काढून घेतलं. सुनेनं पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. सासूबाई त्यांच्या श्वासावर कान ठेवून असत. नातू त्यांच्याशी डाव मांडून मुद्दाम हरू लागला, आणि ते पटावरून उठून जाऊ लागले.

तेवढ्यात ज्येष्ठांच्या राज्य निवड स्पर्धेची बातमी आली. अमरावतीला खेळायचं, आणि पहिले चार जण राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. सासऱ्यांनी कोणाला न विचारता नाव दिलं. घरात रडारड झाली. ती थांबेना तेव्हा सासूबाईंनी मला फोन केला. माझं कारंज्याला औषधांचं दुकान आहे, म्हणून सासरवाडीत मी अर्धा डॉक्टर समजला जातो. "तुमी संग जा," त्या म्हणाल्या. "त्यायले हारू देऊ नोका. अन् लय जिकूही देऊ नोका. दोन्हीनंही छातीले ताण पडते."

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर दुकानातला हृदयाच्या औषधांचा खण उघडला. सासऱ्याला बाहेरगावी घेऊन गेलेला जावई त्याला कसाही परत आणो, त्याची कथा तीन पिढ्या सांगितली जाते. अमरावतीला जाताना एसटीत ते ड्रायव्हरसाठी खोकत होते आणि मी दर खोकल्याला त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या खिशात एक, माझ्या दोन्ही खिशांत एकेक, आणि एक पिशवीत.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती, म्हणजे पंखे आलेच. सुरुवातीला सासरे खालच्या पटांवर, भिंतीकडेला होते आणि खुशीत होते. पण ते हरेचनात. दोन डाव तर समोरच्यांनी कंटाळून चुका केल्यामुळे ते चक्क जिंकले. अशा स्पर्धेत जिंकणारा वरच्या पटाकडे सरकतो, आणि वरचे पट सभागृहाच्या मधोमध, मोठ्या पंख्याखाली मांडलेले. ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसू लागले. पंचांनी कारण विचारलं. "पंखा पडला तं?" हे उत्तर ऐकून पंचांनीही एकदा वर पाहिलं.

शेवटच्या फेरीला हिशेब सरळ होता. सासरे जिंकले तर संघात. बरोबरी झाली तर समोरचे, एक उंच, रुबाबदार निवृत्त इंजिनिअर, संघात आणि सासरे घरी. ज्या माणसानं जन्मभर बरोबरी पिकवली, त्याला आज ती चालणार नव्हती. आत जाताना मी म्हणालो, "बाबा, नाही जमलं तरी चालतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते मुद्दाम हरणाऱ्या नातवाकडे पाहायचे.

बघ्यांना आत जायची परवानगी नव्हती. मी काचेच्या खिडकीला नाक लावून उभा राहिलो. मला बुद्धिबळातलं काही कळत नाही, म्हणून मी पटाकडे न पाहता सासऱ्यांकडे पाहत होतो. पहिला तास बरा गेला. मग त्यांच्या कपाळावर घाम दिसला. थोड्या वेळानं तो कानशिलावरून वाहू लागला. सदरा पाठीला चिकटला. आणि मग त्यांनी डावा हात उचलून छातीवर ठेवला.

मी काचेवर वाजवायला हात उचलला आणि मागे घेतला. खिडकी वाजवली तर ते दचकतील, दचकले तर काय होईल? आत धावलो तर डाव मोडेल, डाव मोडला तर काय होईल? त्या दहा मिनिटांत मी सासऱ्यांच्या घराण्यात पूर्णपणे सामील झालो. शेवटी त्यांची नजर वर आली तेव्हा मी तोंड उघडून जिभेकडे बोट दाखवलं, मग खिशाकडे, मग छातीकडे. त्यांना कळेना. मी पुन्हा केलं, दोन्ही हातांनी, जोरात.

खांद्यावर हात पडला. मागे पंच उभे होते.

"खेळाडूला खुणा करताय तुम्ही. हे किती गंभीर आहे माहीत आहे? त्यांना बाद करावं लागेल."

"साहेब, गोळी घ्या म्हणून सांगत होतो."

"घोडा कुठे आहे त्यांचा?" मला खेळातलं कळतं का, हे जोखायला त्यांनी विचारलं.

"कोणाचा घोडा?" मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "साहेब, मला घोडा आणि उंटसुद्धा वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांना स्प्रिंगा टाकल्या आहेत. घाम पाहा त्यांचा!"

पंचांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. असा चेहरा करून कोणाला फसवता येत नाही, हे त्यांना पटलं असावं. "अहो, घाम येणारच," ते म्हणाले. "त्यांनीच विनंती करून पंखा बंद करायला लावला आहे. समोरचे पाहा, तेही भिजले आहेत."

खरंच, इंजिनिअर साहेब सासऱ्यांपेक्षा जास्त निथळत होते. पण छातीवरचा हात तसाच होता. पंच म्हणाले, "मी विचारून येतो. तुम्ही मात्र त्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा." चाळिशी ओलांडलेला मी शाळेतल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, आणि मागे काय होतंय ते न दिसल्यामुळे दुप्पट मेलो.

आत जे घडलं ते पंचांनीच मला नंतर सांगितलं. ते टेबलापाशी पोचले तेव्हा इंजिनिअर साहेबांनीच काळजीनं विचारलं होतं, "तुम्हाला बरं वाटत नाही का? इथेच थांबवू या. बरोबरी." त्यांच्या मनात खरंच कणव होती. सासऱ्यांनी छातीवरचा हात न काढता उत्तर दिलं, "माही छाती माही हाये. तुमी तुमच्या वजिराकडं ध्यान द्या."

इंजिनिअर साहेबांना ते लागलं. त्यांनी तावातावानं वजीर पुढे काढला आणि कुंपणावर धडक मारली. कुंपण हललं नाही. परतीची वाट प्याद्यांनी बुजवून टाकली होती. वजीर गेला, पाठोपाठ एक हत्ती गेला, आणि साहेबांनी हार मानून हात पुढे केला. सासऱ्यांनी तो लगेच घेतला नाही. "तुमी मले सोडून तं नाही देल्लं?" त्यांनी विचारलं. "सोडून?" साहेब म्हणाले, "अर्धा तास झाला, जीव वाचवायला धडपडतोय मी!" तेव्हा कुठे सासरे हसले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

मी त्यांना बाहेर बाकावर बसवून नाडी पाहिली. माझ्यापेक्षा संथ होती. "छातीवर हात कशाला ठेवला होता?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"धडधड मोजून राह्यलो होतो," ते म्हणाले. "जोरात चालली की समजाचं, चाल जोखमीची हाये. बिचारी बरोबर सांगते."

परतीच्या बसमध्ये ते खोकले नाहीत. बराच वेळ बाहेरच्या तुरीकडे पाहत बसले. मग म्हणाले, "जावईबापू, घरी मले सारे जपतात. पानी पाजतात, हात धरतात, मुद्दाम हारतात. त्याचं भेव लागते मले. वाटते, आपुन जित्तेच हाओत का नाही. तिथं तो मानूस मले मारायले पाहे. इमानदारीनं पाहे. लय बरं वाटलं." माझ्या खिशातल्या गोळ्या हाताला लागत होत्या.

राष्ट्रीय स्पर्धा दक्षिणेत, रेल्वेनं दोन रात्री दूर होती. मी दुकानाची सोय लावली, बॅग भरली आणि कामरगावला गेलो. सासरे ओशाळून म्हणाले, "तुमी नोका येऊ. तुमी लय भेता. तुमाले पाह्यलं की मलेही भेव लागते." बरोबर सासूबाई निघाल्या होत्या. नागपूरच्या पुढे त्या कधी गेलेल्या नव्हत्या.

अकोल्याच्या स्टेशनावर मी त्यांना गाडीत बसवलं. औषधं, डॉक्टरांचे नंबर, पाण्याच्या बाटल्या, सगळं दोनदा समजावलं. दोघांनी माना हलवल्या, पण लक्ष नव्हतं. गाडी हलली तेव्हा मी खिडकीबरोबर थोडं चाललो. सासूबाई बाहेर बोट दाखवून काहीतरी विचारत होत्या आणि सासरे खिडकीतून अर्धे वाकून त्यांना ते दाखवत होते. "हात आत घ्या बाबा," मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटचा डबा गेल्यावर फलाट रिकामा झाला. आता माझ्या स्वाधीन कोणाचाच जीव नव्हता. हलकं वाटायला हवं होतं. मी मात्र बराच वेळ तिथेच उभा राहिलो.