सायकल पथकाचे प्रमुख

गजानन खासनीसांना सायकल येत नव्हती. हे कोलकात्याच्या सबंध सॉल्ट लेकमध्ये फक्त त्यांच्या बायकोला, शकुनला, ठाऊक होतं आणि तिला कुणी विचारलं नाही.

वादळात झाडं पडली की गाड्या अडतात, सायकल निघते. म्हणून ब्लॉकच्या कमिटीने मदतीसाठी सायकल पथक काढलं. सरकारी कंपनीतून निवृत्त झालेल्या गजाननरावांचं इंग्रजी चांगलं, म्हणून त्यांना प्रमुख केलं.

"अहो, पण तुम्हाला..." शकुन म्हणाली.

"प्रमुखाने चालवायची नसते, चालवून घ्यायची असते."

त्यांनी चौदा पानांची योजना लिहिली. त्यांच्यासकट आठ जणांना नारिंगी जॅकेटं, शिट्ट्या आल्या. रविवारी पथक बागेला चकरा मारी आणि गजाननराव फुटपाथवर उभे राहून वेळ मोजत.

मे महिन्यात वादळ आलं. सकाळी रस्ताभर झाडं आडवी, वीज गेलेली, फोन बंद. योजनेप्रमाणे सातला सगळ्यांनी कमिटीच्या ऑफिसात जमायचं होतं. साडेसातला तिथे कमिटीची एक सायकल होती आणि गजाननराव होते. बाकीचे आपापल्या बाल्कनीतून पडझडीचे फोटो काढत होते.

तेवढ्यात मागच्या गल्लीतली लीना घोष धावत आली. तिच्या आईचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं आणि घरातला सिलिंडर संपत आला होता. आईला फार वेळ एकटं सोडून तिला लांब जाता येत नव्हतं.

"मेशोमशाय," तिने बंगालीत काकांना म्हणतात तशी हाक मारली, "कुणाला तरी सिलिंडरच्या दुकानात पाठवता?"

"पाठवतो," म्हणून त्यांनी सवयीने मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

ते सायकल हातात धरून चालू लागले. दुकान दीड किलोमीटरवर.

"काका, बसा की वर," एक भाजीवाला म्हणाला.

"ब्रेक बिघडलाय," गजाननराव म्हणाले.

दुकानदाराने भरलेला सिलिंडर कॅरियरला बांधून दिला. येताना दर झाडापाशी लोकांना विनवून सायकल उचलून घ्यावी लागली. ते पोचले तेव्हा धडपडून त्यांचे गुडघे फुटले होते आणि म्हातारीचे ओठ निळसर पडले होते. तासाभराने तिने चहा मागितला.

पुढच्या रविवारी पथकाचा सत्कार झाला, आठही जॅकेटं इस्त्री करून आली. गजाननरावांनी इंग्रजी अहवालात खरं तेच लिहिलं: एक सायकल, तीही ढकलत नेलेली. कमिटीच्या सेक्रेटरींनी ते वाक्य खोडून 'आठ सदस्यांची अखंड सेवा' असं घातलं आणि कागद सहीला पुढे केला. इंग्रजीत चूक नव्हती. गजाननरावांनी सही केली.

शकुन दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ते जॅकेट घरीच ठेवून, सिलिंडर किती उरलाय ते पाहायला लीनाकडे चालत गेले.