बकुळाची हजेरी

आधीच सांगते, मी भित्री नाही. स्मशानाच्या मागच्या कॉलनीत प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून तिथे घर बांधून राहणारी बाई आहे मी. सासूबाई अमावस्येला दारात लिंबू ठेवायच्या, त्याचं मी सरबत करून प्यायलेय. या ग्रुपवरच्या कितीतरी अनुभवांखाली मी टिंगल केली आहे, जुन्या मेंबरांना आठवत असेल. त्यांनी आता खुशाल माझी टर उडवावी... फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी बारामतीत मराठी शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एका शाळेच्या हॉलमध्ये लेखन शिबिर घेते. सकाळी यायचं, दुपारी घरी जायचं. गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची, वैशालीची मुलगी ईश्वरी पण आली होती. वैशाली इंदापूरला राहते, त्यामुळे शिबिरापुरती ईशू माझ्याकडेच होती. चौदा वर्षांची पोर, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. शाळा बदलल्यापासून ती अशीच झाली होती. सोडायला आली तेव्हा वैशाली म्हणाली, "ताई, तुझ्या भरवशावर ठेवतेय. जरा बोलती कर गं हिला."

म्हटलं, त्यात काय! भल्याभल्यांना बोलतं केलंय मी.

माझ्या शिबिरात एक गंमत असते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक पात्र तयार करायचं, आणि मग रोज हजेरी त्या पात्राची. मी पात्राचं नाव पुकारायचं, मुलाने त्या पात्राच्या आवाजात ओ द्यायची. मुलांची भीड चेपते. ओम नावाच्या एका कार्ट्याने 'इन्स्पेक्टर भोपळे' केला होता, तो असा घोगरा आवाज काढायचा की हॉलभर हशा.

ईशूच्या पात्राचं नाव बकुळा. पुकारलं की ईशू नुसता हात वर करायची.

"अगं, ओ दे की," मी म्हटलं.

"ती देत नाही, मॅडम." शिबिरात ती मला मॅडमच म्हणायची. "तिला कधी कोणी हाकच मारलेली नाही. तिला घर आहे, पण घरात कोणीच नाही."

मला इतकं आवडलं ते! मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मग आपण मारू तिला हाक. रोज मारू. एक ना एक दिवस देईल ओ."

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने.

शिबिराच्या मधल्या एका दिवशी मी मुलांना व्हॅनने भिगवणवरून डाळजच्या बाजूला नेलं. उजनीचं पाणी मे महिन्यात मागे सरतं आणि धरणात गेलेल्या जुन्या वस्त्यांची जोती उघडी पडतात. घरांचे नुसते पाये, एखादा उंबरा, फुटकं जातं. प्रत्येकाने एकेका जोत्यावर बसायचं आणि इथे कोण राहत असेल ते लिहायचं, असा बेत होता. सकाळची वेळ, लख्ख ऊन, लांब हायवेवरून ट्रक जाताना दिसत होते. भुताखेताचं नाव काढावं असं तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

मोकळ्या झालेल्या गाळात एका म्हाताऱ्याने काकड्या लावल्या होत्या. सगळे त्यांना तात्या म्हणत असावेत, कारण आमचा ड्रायव्हर पण तात्याच म्हणाला. आम्हाला बघून ते तिथूनच ओरडले, "ओ बाई, पोरास्नी पान्याकडं जाऊ देऊ नगा! वरनं वाळल्यागत दिसतंय, खाली समदा गाळ हाय. म्हस रुतली तर निघत न्हाय!"

मी मुलांना तंबी दिली. सगळे जोत्यांवर बसले. आणि मला हुक्की आली की आजची हजेरी इथेच घ्यावी.

"इन्स्पेक्टर भोपळे?"

"हजर हाय!"

सगळे हसले. दोन-तीन नावं झाली.

"बकुळा?"

ईशू माझ्या समोर होती. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावलेली होती, ती घटाघट पाणी पीत होती. हे मी शपथेवर सांगते.

"ओऽऽ..."

आवाज पाण्याच्या बाजूने आला. शेतात लांबून कोणी हाक मारल्यावर देतात ना, तशी लांबलचक ओ. मुलीचा आवाज.

सगळ्या पोरांच्या माना एकदम तिकडे वळल्या. तिकडे कोणी नव्हतं. ओम हसायला लागला आणि मध्येच थांबला. मी मनात म्हटलं, मासे धरणाऱ्यांची कोणी पोर असेल, चेष्टा करतेय. पण होडी पार पलीकडच्या काठाला होती. मग मी काय करावं? शहाणपणा! खात्री करायला परत हाक मारली.

"बकुळा?"

"ओ."

या वेळी जवळून. आमच्या आणि पाण्याच्या मधोमध नुसता सपाट गाळ होता, लपायला एक झुडूप नाही. ओ तिथून आली.

लहानपणापासून ऐकलं होतं, हाकामारी दारात येऊन हाक मारते, तिला ओ द्यायची नाही. पण हाक आपणच मारली आणि ओ तिकडून आली तर काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात ईशूने बाटली खाली ठेवली, उठली आणि सरळ पाण्याच्या दिशेने चालायला लागली.

"ईशू! ए ईश्वरी! थांब!"

ती थांबेना. तात्या काकड्या टाकून ओरडत धावले. मीही धावले, पण माझी चप्पल रुतली, दुसरा पाय पोटरीपर्यंत आत गेला. ईशू गुडघ्याएवढ्या चिखलात होती तरी चालतच होती. मी घसा फोडून तिचं नाव घेत होते आणि ती मान सुद्धा वळवत नव्हती. पुढे दहा-बारा पावलांवर पाणी. मला फक्त वैशालीचा चेहरा दिसत होता.

मग माझ्या तोंडातून निघून गेलं. मी ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ.

"बकुळा! इकडे ये! माझ्याकडे ये!"

ईशू थांबली. वळली. आणि हसली... असं मोकळं हसताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. ती परत यायला लागली. उजवा हात अंगापासून थोडा लांब, बोटं वळलेली. शेजारी चालणाऱ्या कोणाचा तरी हात धरावा तशी.

चिखलातल्या पावलांकडे मी बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

तात्यांनी तिला दंडाला धरून वर घेतलं. मी तिथेच बसून रडायला लागले, पोरांसमोर. तात्या माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "कुनाला हाक मारत व्हता, बाई?"

"कोणाला नाही हो, तात्या. गोष्टीतली मुलगी आहे ती. खोटी."

"मंग ओ कुनी दिली? म्या बी ऐकली की."

ते पाण्याकडे बघत राहिले. "माझं अख्खं बालपन गेलं हितं. समद्या घरांची मानसं ठावं हायती मला. बकुळा न्हवती कुनी."

तुम्हाला वाटत असेल, त्या नावाची एखादी मुलगी तिथे बुडाली असेल. मलाही तेच वाटलं. तसं निघालं असतं तर बरं झालं असतं! मी नंतर त्या वस्तीतल्या, आता दुसरीकडे राहायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम जाऊन विचारलं. बकुळा कोणी नव्हतीच. म्हणजे ती तिथली नाही. ती आमची आहे.

व्हॅनमध्ये ईशू खिडकीजवळ बसली. ओम शेजारी बसायला गेला तर म्हणाली, "इथे नको." मी तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून हजेरी बंद केली.

"मॅडम, बकुळाची हजेरी राहिली," ईशू म्हणाली.

"बकुळाची गोष्ट संपली आता."

"मी नाही संपवली." ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. "आणि तिला तर तुम्ही बोलावलंत."

शिबिर संपलं, ईशू इंदापूरला गेली. आता ती छान बोलते. मैत्रिणी झाल्या, वर्गात पुढे असते. वैशाली सगळ्यांना सांगते, माझ्या ताईने जादू केली. ते ऐकलं की मी विषय बदलते. तिला मी त्या दिवसातलं काहीच सांगितलेलं नाही.

मागच्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, आज काय गंमत झाली! मी ओट्याशी होते. जेवायला ये म्हणून ईशूला हाक मारली. आतल्या खोलीतून 'ओऽ' आली. मग बघते तर ही बया माझ्या मागेच उभी, डबे पुसत! मला भासच झाला गं."

"ईशू काय म्हणाली?"

"काही नाही. हसली. म्हणाली, आई, आणखी एक ताट घे."

मी वैशालीला एवढंच म्हणाले, "तिला लांबून हाक मारत जाऊ नकोस. जवळ जाऊन बोल." का, म्हणून तिने दहादा विचारलं. मी फोन ठेवला.

माझ्या डॉक्टरांना विचारून झालं, तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा, आता मी टिंगल करणार नाही. मे महिना जवळ आलाय, उजनीचं पाणी उतरायला लागलंय. मनात येतं, त्याच जोत्यापाशी जावं, पाण्याकडे तोंड करून तिला हाक मारावी आणि सांगावं, बाई, जा आता. जिथून आलीस तिथे जा.

पण अजून गेले नाही. त्या दिवशी गाळातून मी बकुळा म्हणून हाक मारली तेव्हा परत आली ती ईशू होती. आता पाण्याकडे तोंड करून तीच हाक मारली, आणि तिकडे इंदापुरात ईशू हातातलं काम ठेवून उठली तर?