पहिली मूठ पोलिसांची

गोदूबाई मोर्चाला निघायच्या त्या लग्नाला निघाल्याच्या थाटात. इरकल लुगडं, केसांना तेल आणि काखेत चुरमुऱ्यांची पिशवी. कमरीपेठेत त्यांचं चुरमुऱ्यांचं दुकान होतं. आता गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलंय. त्या काळी आमच्या गल्लीतल्या नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक असायचं. म्हणून आम्ही बायका घागरी घेऊन रस्त्यावर बसायचो, पोलीस आम्हाला व्हॅनमध्ये घालून न्यायचे आणि संध्याकाळी सोडून द्यायचे. पाण्याचे हाल होते, पण ते दिवस फार चांगले होते, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

त्याला कारण लक्ष्मण हवालदार. अळणावरकडचा माणूस, बोलण्यात कानडी, आवाज खणखणीत. आदल्या दिवशीच दुकानात येऊन सांगायचा, "अक्का, उद्या उचलायची ऑर्डर आहे. पोटभर खाऊन या." व्हॅनची पायरी उंच. तो दारात उभा राहून हात द्यायचा, "हत्री अक्का, चढा. उजवा पाय आधी."

"अण्णा, सासरी नेताय की काय?" असं म्हणत गोदूबाई चढायच्या. आत बसल्या की पिशवी उघडायची आणि पहिली मूठ पोलिसांना. "आपण निदान बसलो होतो. ते सकाळपासून उन्हात उभे आहेत," हे त्यांचं शास्त्र.

एकदा त्यांनी त्याला गाठलंच. "तुमच्या घरी तरी पाणी येतंय काय?"

"कुठलं अक्का! बायको रोज माझ्यासमोर घागरी आपटते."

"मग आमच्यात येऊन बसा की."

"अंगावर खाकी आहे. रिटायर झालो की पहिल्या मोर्चाला येतो बघा."

तो रिटायर झाला. पहिला मोर्चा झाला, दुसरा झाला, अण्णांचा पत्ता नाही. एक दिवस चुरमुऱ्यांत कांदा-मिरची कालवता कालवता गोदूबाई मला म्हणाल्या, "खाकीच गोड बोलत होती गं. आत माणूस नव्हता." मला त्या लक्ष्मणाचा असा राग आला!

तिसऱ्या मोर्चाला तो आला. पांढरा सदरा, हातात प्लास्टिकची घागर, सगळ्यांच्या मागे. गोदूबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात व्हॅन आली आणि याची घागर खाली, हा थेट दारात! "हत्री, हत्री. ढकलाढकली नको. उजवा पाय आधी." एकेकीला हात देऊन त्यानं आम्हा सगळ्यांना आत चढवलं. नव्या शिपायांना वाटलं, साध्या कपड्यांतले कुणी साहेब असतील. एकानं तर सलामही ठोकला. शेवटची बाई चढल्यावर यानं बाहेरून कडी घातली, व्हॅनवर थाप मारली आणि ओरडला, "नडी, चला!"

गाडी हलली आणि तो रस्त्यातच उभा राहिला. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं.

आम्ही पोट धरधरून हसलो. गोदूबाई मात्र जाळीला तोंड लावून ओरडल्या, "अहो, थांबवा गाडी! आमचा एक माणूस खाली राहिलाय!"

दार उघडलं. लक्ष्मणअण्णा घागर घेऊन पायरीपाशी आला आणि तिथंच घुटमळला. "इतकी वर्षं तुम्हाला उचललं, अक्का. कुठल्या तोंडानं येऊन बसू?"

गोदूबाईंनी हात पुढे केला. "हत्री अण्णा. उजवा पाय आधी."

आत पिशवी उघडली आणि सवयीनं अण्णांचा हात सगळ्यांच्या आधी पुढे आला. गोदूबाईंनी चापट मारून तो मागे सारला आणि दारातल्या शिपायाच्या ओंजळीत मूठ रिकामी केली. "पहिली पोलिसांची. तुमची आता आमच्याबरोबर."

अण्णांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. डोळे पुसत म्हणाले, "मिरची लागली." चुरमुरे अजून त्यांच्या हातातही पडले नव्हते.