वैशाली नावाची जास्वंद

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला सोन्याच्या पाटल्यांऐवजी जास्वंदीची नवी जात भेट द्यावी, ही कल्पना माझी. घरात कोणी मला अडवलं नाही, याचीही नोंद असावी.

"पाटल्या कोणाकडेही असतात," मी वैशालीला म्हणालो. "स्वतःच्या नावाचं फूल अख्ख्या डोंबिवलीत कोणाकडे आहे?"

"नाही जमलं तर पाटल्या. आईंसमोर कबूल करा."

केलं.

कृती सोपी होती. बाल्कनीतली पिवळी जास्वंद ही आई, सोसायटीच्या गेटजवळची लाल जास्वंद हा बाप. लालचे पराग ब्रशने उचलायचे, पिवळीच्या दांडीच्या टोकाशी पाच ठिपके असतात त्यांना लावायचे, की लागलं लग्न. मग बोंड धरतं, आणि त्यातल्या प्रत्येक बीचं फूल वेगळंच निघतं. (ब्रश वैशालीच्या मेकअपचा होता. एका बारशाला ती एक गाल पिवळा घेऊन मिरवून आली.)

पहिलं लग्न लावून मी आंघोळीला गेलो. परत येतो तो फूल देव्हाऱ्यात, गणपतीच्या डोक्यावर.

"आई, ते गरोदर होतं."

"मग योग्य ठिकाणीच आलंय," आई म्हणाली.

दुसऱ्याचंही तेच झालं. तिसऱ्यावर मी चहाची गाळणी बांधली. बोंड पिकेपर्यंत घरात चहा फडक्याने गाळत होते. हाती चार बिया लागल्या, त्यातली एक रुजली. मी सोसायटीच्या ग्रुपवर रोपाचा फोटो टाकून नाव जाहीर केलं : 'वैशाली'.

मग कंपनीच्या कामाला आठवडाभर बाहेर गेलेलो. आल्यावर बघतो तर रोप चांगलंच दणकट! बियांच्या रोपाला फूल यायला दीड वर्ष लागतं म्हणतात. माझ्या रोपाला चार महिन्यांत कळी. गच्चीवर खुर्च्या मांडून मी सोसायटीला 'योग्य आईबापांची निवड' या विषयावर पाऊण तास ऐकवलं.

वाढदिवसाच्या सकाळी कळी उमलणार म्हणून पाहुणे नाश्त्यालाच बोलावले. बशा हातात घेऊन सगळे बाल्कनीत. फूल उमललं. लाल. पाच पाकळ्या.

कोलशेतचा मेहुणा वाकून बघत म्हणाला, "भावोजी, हेच गेटपाशी आहे ना?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अरे, तू बाहेरगावी असताना तुझं रोप वाळलं रे. तुला वाईट वाटेल म्हणून गेटजवळची फांदी आणून खोचली. म्हटलं, एवढा जाणकार, बघताक्षणी ओळखेल."

म्हणजे लग्न नाही, बी नाही. खोचलेली फांदी म्हणजे तेच झाड पुन्हा. तेवढंच पुन्हा वाढवायला मी चार महिने शेणखत घातलं होतं.

पाटल्या संध्याकाळीच घेतल्या. रात्री जेवताना वैशालीने पाटल्यांच्या हाताने ब्रश माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"तिसाव्या वाढदिवसाला मला हार हवाय," ती म्हणाली. "उद्यापासून नवी जात काढायला घ्या."